मेलेल्या बाईची खिंड

पडद्यावर तो दगडी दरवाजा आला आणि हर्षवर्धन म्हणाला, "इथं आम्ही दोघं उभे होतो. सकाळचे सहा. खाली दरीत धुकं, आणि धुक्यातून हळूहळू वर येणारं ते जुनं शहर. आमच्या तोंडून शब्द फुटेना." सभागृहातल्या साठेक माणसांनी एकदम श्वास सोडल्यासारखा आवाज झाला. पहिल्या रांगेत, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गादीच्या खुर्चीवर बसलेल्या चारुलतेला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग तो पुढच्या चित्राकडे वळला, पुन्हा 'आम्ही' म्हणाला, आणि तिच्या मानेवर, केसांच्या मुळाशी, कुणी गरम वाफ सोडावी तसं झालं. ती त्या दरवाजात कधी उभी राहिली नव्हती. तो दरवाजा तिनं पाहिलाच नव्हता. त्या सकाळी सहा वाजता ती दोन डोंगर अलीकडे, एका गावातल्या तीन खाटांच्या दवाखान्यात, नाकाला नळी लावून पडली होती. पडद्यावर हर्षवर्धन एकटाच होता, लाल जाकीट, हात कमरेवर. कुणाला त्यात काही खटकलं नाही. बाई फोटोत नाही म्हणजे फोटो बाईनंच काढला असणार, असं सगळे धरून चालले असावेत. तो काढला होता त्यांच्या गटातल्या एका जर्मन मास्तरानं; त्याच्या अंगठ्याची सावली कोपऱ्यात आली होती, आणि ती कापून टाका असं चारुलतेनंच काल संध्याकाळी नवऱ्याला सुचवलं होतं. फोटोंचा क्रम तिनं लावला होता. गावांची नावं मराठीत तिनं लिहिली होती. बोलायचं मात्र मी आयत्या वेळी बोलणार, असं तो म्हणाला होता, आणि तिनं मान हलवली होती, कारण तो चांगलं बोलतो हे अख्ख्या मराठी मंडळाला ठाऊक होतं.

तिला वगळलं असतं तर ती गप्प बसली असती. वगळलं जाण्याची तिला सवय होती आणि त्या सवयीला तिनं समजूतदारपणा असं नावही देऊन ठेवलं होतं. पेरूहून परत आल्यावर दोन वर्षं ज्यांना ज्यांना त्यानं ही गोष्ट सांगितली, त्यांना तो 'मी' म्हणूनच सांगत असे, आणि मधे कुठंतरी, 'हिला जरा त्रास झाला, ही खाली थांबली' असं एक वाक्य येई. त्या वाक्यात ती राहत होती. लहान होती जागा, पण तिची होती. आज त्यानं तिला तिथून उचललं आणि खिंडीपलीकडे, दोन दिवसांच्या चालीपलीकडे, त्या दरवाजात नेऊन उभं केलं. जिथं पायांनी नेलं नाही तिथं तोंडानं नेलं. आणि लोक तिच्याकडे कौतुकानं बघत होते. शेजारी बसलेल्या इंदुताईंनी, मंडळाच्या चिटणीस त्या, तिचा हात हळूच दाबला. चारुलतेला तो हात झटकावासा वाटला. तिनं पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

त्यानं सुरुवातच चोरीनं केली होती, हे तिला आता उमगत होतं. लहानपणी पाहिलेल्या एका चित्राचं वेड डोक्यात बसलं होतं, असं तो म्हणाला होता, आणि तेव्हा ती मनातल्या मनात हसली होती, की आता 'माझ्या बायकोच्या' असं येईल. आलं नाही. ते चित्र तिचं होतं. इथून हाकेच्या अंतरावर, अफझलगंजच्या त्या मोठ्या ग्रंथालयात, तिचे वडील नामदेवराव तिला सुटीच्या दिवशी घेऊन यायचे. ते नांदेडकडच्या शेतकऱ्याच्या घरातले, निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले, वीज ऑफिसात कारकून. ते उर्दू वर्तमानपत्रं वाचत बसायचे आणि तिला उंच छताच्या त्या दालनात सोडून द्यायचे. एक जाडजूड पुस्तक होतं, घरी न्यायला मिळत नसे, त्यात ते दोन पानी चित्र: डोंगराच्या माथ्यावर दगडी पायऱ्यापायऱ्यांचं, छपरं नसलेलं, माणसं नसलेलं एक गाव. नववीत असताना तिनं त्या गावाच्या एका भिंतीचे दगड पेन्सिलीनं वहीत उतरवले. एकही दगड दुसऱ्यासारखा नव्हता आणि तरी दोन दगडांमधे रेघेपुरतीच फट होती. पुढं पाटबंधारे खात्यात नकाशे काढायला ती बसली, बत्तीस वर्षं धरणांच्या भिंती काढल्या, तेव्हाही हात कधी आपोआप त्या वेड्यावाकड्या दगडांकडे वळे. हर्षवर्धनला तिनं हे लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तो पुण्याहून औषधांच्या कंपनीत नोकरीला आलेला, स्वच्छ मराठी बोलणारा, तिच्या 'हौ' आणि 'नक्को'ला मित्रांसमोर हसणारा. तेव्हा तो म्हणाला होता, "दगडांचं काय एवढं? तुमच्या हैदराबादेत काय कमी आहेत?" आणि आज त्याच्या तोंडी तेच दगड इतक्या सुरेख शब्दांत येत होते की कुठल्याही परक्या बाईला भरून आलं असतं.

निवृत्तीनंतर त्या चित्रातल्या गावाला जायचं हा हट्ट तिचा. पाठीवर पिशव्या टाकून, स्वस्तात, चालत जायचं, हाही तिचाच; सहलीच्या बसमधून खिडकीतून बघायचं नाही. मुलगी ईशा बंगळुरूला, तिनं परवाने मिळवून दिले. तिथं चालत नेणाऱ्या डोंगरवाटेचे परवाने कित्येक महिने आधी नावानिशी घ्यावे लागतात. तिकडं जायच्या आधी चार महिने चारुलता दर रविवारी सकाळी गोवळकोंड्याच्या पायऱ्या चढली, पाठीवर पाच किलो तांदूळ बांधून, मग सात, मग दहा. हर्षवर्धन खाली चहा पीत बसे. शेवटचे दोन रविवार तोही चढला, आणि तिच्या आधी वर पोचला. त्याचं शरीरच तसं, न मागता मिळालेलं. कुस्कोला उतरले तेव्हा तिथल्या अकरा हजार फुटांच्या हवेत त्याला काही झालं नाही आणि तिचं डोकं मात्र पहिल्या रात्री लोखंडी पट्टा आवळल्यासारखं ठणकलं. पण ते सहा दिवस सुखाचे होते. तिला ते शहर आठवलं की अजूनही तळपायांना आठवतं: उतरत्या गल्ल्यांमधले गुळगुळीत गोटे, मधून वाहणारी पन्हाळी, घरांच्या दारात झोपलेले मोठे कुत्रे, कोकाच्या पानांचा हिरवट, गवतासारखा चहा. आठ खाटांच्या खोलीत विशीतल्या पोरापोरींबरोबर ती वरच्या खाटेवर चढून झोपली. हर्षवर्धन कुरकुरला, की या वयात हे काय. ती एकटी बाजारात गेली, बोटाच्या पेराएवढ्या दाण्यांचं मक्याचं कणीस खात हिंडली, आणि एका अरुंद गल्लीत ती भिंत तिला भेटली. वहीतली नव्हे, पण तिच्याच घराण्यातली. तिनं दोन दगडांच्या मधल्या रेषेवर नख लावून पाहिलं. नख शिरलं नाही. ती तिथं किती वेळ उभी होती कोण जाणे. पाठीमागून माणसं जात होती, कुणी तिला काही विचारलं नाही, आणि आपण सत्तावन्न वर्षांच्या आहोत, कुणाची बायको आहोत, कुणाची आई, हे सगळं थोडा वेळ बाजूला उभं राहिलं.

"आणि या खिंडीचं नाव," हर्षवर्धन सांगत होता, "मेलेल्या बाईची खिंड. लांबून डोंगराचा आकार उताण्या पडलेल्या बाईसारखा दिसतो म्हणून. आमच्या बाईसाहेब तिथं नावाला जागतात की काय अशी मला धास्ती पडली होती. पण हैदराबादचं पाणी आहे. चढल्या." सगळे हसले. इंदुताई हसून तिच्याकडे वळल्या. चारुलताही हसली, तिचे ओठ हसले, आणि ते हसले म्हणून तिला स्वतःच्या ओठांचा तिटकारा आला.

चालीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, खिंड डोळ्यांसमोर दिसत असताना, तिचे पाय थांबले होते. ते अचानक झालं नव्हतं. आदल्या रात्रीपासून खोकला होता आणि तिनं तो मफलरमधे दाबून ठेवला होता, शेजारी झोपलेल्या नवऱ्याला कळू नये म्हणून, कारण कळलं तर तो गाइडला सांगेल आणि गाइड परत पाठवेल. एवढी चूक तिची. ही चूक ती दोन वर्षं रोज एकदा तरी बाहेर काढून बघत होती आणि तिच्या जोरावर बाकी सगळं माफ करत होती. सकाळी चढताना छातीत पाणी खळबळल्यासारखा आवाज येऊ लागला. दहा पायऱ्या, थांबणं, पाच पायऱ्या, थांबणं, मग एक. ती एका दगडावर बसली आणि खोकली, आणि रुमालावर फेस आला, फिकट गुलाबी. एदगार नावाचा गाइड धावत खाली आला, त्यानं तिची नखं पाहिली, ती जांभळी झाली होती, आणि तो म्हणाला, खाली, आत्ता, फुफ्फुसात पाणी झालंय, उशीर केला तर जीव जाईल. सामान वाहणाऱ्यांमधे फ्लोरा नावाची एक बाई होती, ती हिला घेऊन उतरेल. मग तो हर्षवर्धनकडे वळला. परवाना आजच्या तारखेचा, पुढचे कित्येक महिने भरलेले. तुम्ही यांच्याबरोबर उतरता की पुढं येता, ते दोघं ठरवा, पण लवकर.

गटातली नऊ माणसं पाठीवरची ओझी न उतरवता उभी होती. वर खिंडीतून वारा येत होता. हर्षवर्धन तिच्यासमोर उकिडवा बसला, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चारू, काय करू सांग. तू म्हणशील तसं." तो चांगुलपणानं विचारत होता. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारत होता. त्याचा चेहरा तिच्याकडे होता, पण लाल जाकिटाच्या आतलं सगळं अंग वरच्या बाजूला ओढ घेत होतं, बांधलेल्या जनावराला गोठ्याचं दार उघडं दिसावं तसं. तिला म्हणायचं होतं, जाऊ नका. दोनच शब्द. पहिल्या अक्षराला हवा पुरली. 'जा' एवढं बाहेर पडलं आणि मग खोकल्याची उबळ आली, ती थांबेना, आणि पुढचं सगळं त्यात वाहून गेलं. उबळ ओसरून तिनं मान वर केली तेव्हा तो उभा राहिला होता. "ती जा म्हणतेय," त्यानं इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं. कुणीतरी स्त्री, ऑस्ट्रेलियाची असावी, म्हणाली, केवढी मोठ्या मनाची बाई आहे. त्यानं स्वतःची पाण्याची बाटली तिच्या मांडीवर ठेवली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो वळला. ते लाल जाकीट दगडी पायऱ्यांवरून वर जाताना ती बघत राहिली. त्यानं एकदा मागं वळून हात हलवला. तिनंही हलवला होता की नाही, हे तिला आठवत नाही. दोन वर्षं ती स्वतःला सांगत आली, की त्याला ऐकूच आलं नाही. दोष त्याचा नाही, माझा नाही, दोष हवेचा. त्या उंचीवर माणसाचं बोलणं पुरं होत नाही, एवढंच. या एका समजुतीवर तिनं त्याच्यासाठी सकाळचा चहा केला होता, त्याचे शर्ट इस्त्रीला दिले होते, त्याच्या फोटोंचा क्रम लावला होता.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, शाल आणि नारळ झाला. मग इंदुताईंनी माइक उचलून थेट तिच्या हातात दिला. चारुताईंनीही दोन शब्द बोलावेत. एवढा प्रवास दोघांनी केला, पण यांच्याकडून काहीच ऐकलं नाही. त्या दारात उभं राहून काय वाटलं, तेवढं तरी सांगा. साठ माणसं तिच्याकडे बघत होती. मागच्या रांगेत कुणाचं तरी लहान मूल कुरकुरत होतं. हर्षवर्धन स्टेजवर शाल खांद्यावर घेऊन उभा होता आणि हसत होता, आणि एकतीस वर्षं ज्या चेहऱ्यासमोर ती जेवली त्या चेहऱ्यावर तिला प्रथमच भीती दिसली. डोळ्यांच्या कोपऱ्यात, बारीक. म्हणजे तो विसरलेला नव्हता. बोलण्याच्या भरात तोंडून निघून गेलं, असं नव्हतं ते. तिनं माइक तोंडाजवळ नेला. तिच्या छातीत हवा भरपूर होती, हैदराबादची, एप्रिल महिन्यातली, जाड, धुळीची हवा. "वारं," ती म्हणाली. "वारं फार होतं." आणि माइक परत दिला. लोकांना ते आवडलं. टाळ्या त्याच्यापेक्षा जास्त वाजल्या. एक म्हातारे गृहस्थ बाहेर पडताना तिला म्हणाले, किती थोडक्यात बोललात, वैनी, खरं पाहिलेला माणूसच असं बोलू शकतो.

गाडीत तो बोलत होता. गर्दी किती होती, पुढच्या महिन्यात सिकंदराबादच्या लोकांनी बोलावलंय, तिथं नकाशाही दाखवायला हवा, तू काढून देशील का हातानं, तुझ्या हातचा नकाशा लोकांना आवडेल. बेगम बाजारच्या तोंडाशी एक हातगाडी अडकली आणि पुढं सगळं तुंबलं. लाल मिरच्यांची पोती उतरत होती आणि त्यांचा ठसका हवेत होता. तिला खोकला आला. त्यानं लगेच खिडकीची काच वर केली, एसी वाढवला, बाटलीचं झाकण उघडून बाटली तिच्या हातात दिली. "तुझी छाती नाजूकच राहिली ती," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती, खरी. खोटी असती तर बरं झालं असतं. खोट्या काळजीवर माणसाला नीट रागावता येतं. ती पाणी प्यायली आणि काचेबाहेर बघत राहिली. पोत्यांवर बसलेला एक हमाल डोळे पुसत होता, मिरचीनं. राग तिला सवयीचा नव्हता. तिच्या माहेरी राग वडिलांचा असे आणि सासरी नवऱ्याचा, तोही बेताचा, पेपर वेळेवर न आल्याइतका. स्वतःचा राग कुठं असतो, पोटात की डोक्यात, हे तिला कधी शोधावं लागलं नव्हतं. आता तो हातात आला होता. तिच्या बोटांना काहीतरी मोडावंसं वाटत होतं, बाटली, दाराची मूठ, त्याचा तो सकाळी नीट कापलेल्या, पिकल्या मिशीचा, बोलणारा ओठ. काचीगुड्यावरून, नारायणगुड्यावरून गाडी चिक्कडपल्लीत आली तोवर तिनं त्याच्याशी मनात चार भांडणं केली होती, आणि चारही भांडणांत शेवटी तो तेच म्हणाला होता: तूच म्हणालीस जा.

घरी पोचायला दीड वाजला. सकाळीच तिनं अंबाडीची भाजी आणि खट्टी दाळ करून ठेवली होती. तिनं भाकरी थापल्या. प्रत्येक भाकरीवर हात नेहमीपेक्षा जोरात पडत होता आणि भाकरी कडेला फाटत होत्या. तो लुंगी नेसून टेबलाशी येऊन बसला. शाल खुर्चीच्या पाठीवर होती. तिनं त्याचं ताट वाढलं, आपलंही वाढलं, समोर बसली, आणि त्यानं पहिला घास घेतल्यावर म्हणाली, "तुम्ही 'आम्ही' कशाला म्हणलात?"

त्याला कळलं नाही असं त्यानं आधी दाखवलं. मग घास गिळून, समजुतीच्या सुरात, तो सांगू लागला. एवढ्या लोकांसमोर काय सांगायचं होतं, बायकोला दवाखान्यात टाकून पुढं गेलो म्हणून? लोक प्रवासाचं ऐकायला येतात, आजारपणाचं नव्हे. आणि तिनं इतकी तयारी केली होती, इतकं तिचं स्वप्न होतं. "तुला वगळून बोलायचं माझ्या जिवावर आलं," तो म्हणाला. "तुझ्यासाठीच म्हणालो मी."

"बोलताना जिवावर आलं," ती म्हणाली. "चालताना नाही आलं."

त्यानं ताटाकडे पाहिलं. मग ते आलंच, तिला गाडीत चारदा ऐकू आलेलं. "चारू, तूच म्हणालीस जा. नऊ माणसं साक्षीला आहेत."

"मी जाऊ नका म्हणत होते."

ती हे प्रथमच बोलत होती. दोन वर्षांत आरशासमोरसुद्धा नाही. आता तो चकित होईल, असं तिला वाटलं. विचारेल, काय सांगतेस, मला कसं ऐकू आलं नाही. आणि मग हवेवर सगळं ढकलता येईल, दोघं मिळून. त्याच्या हातातला भाकरीचा तुकडा दाळीत भिजत राहिला. पंख्याचा आवाज येत होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी तेलुगूत फोनवर मोठ्यानं बोलत होतं. हर्षवर्धननं तो तुकडा ताटात सोडून दिला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

तिनं वर पाहिलं.

"म्हणजे शब्द नव्हते ठाऊक. पण पुढं काहीतरी होतं, हे कळलं होतं. तुझं तोंड उघडं होतं. थांबलो असतो तर ऐकावं लागलं असतं." तो थांबला, आणि मग ज्या आवाजात माणूस डॉक्टरला सांगतो त्या आवाजात म्हणाला, "चाळीस मिनिटांवर होती गं खिंड."

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण उठू, ताट भिरकावू, निदान रडू. तसलं काही झालं नाही. राग होता तसाच होता, पण सकाळपासून तो अंगभर सैरावैरा धावत होता, तो आता एका जागी येऊन बसला, जड, आणि तिच्या ताब्यात. दोन वर्षं हवेला दोष दिला. बिचारी हवा. याला ठाऊक होतं, आणि हा कुस्कोच्या त्या खोलीत तीन दिवसांनी आला, तिच्या खाटेच्या कडेवर बसला, 'बरी आहेस ना' म्हणाला, तिनं 'हौ' म्हटल्यावर कॅमेरा काढला आणि दोन तास तिला त्या शहराबद्दल सांगत राहिला. कुठल्या दगडावर ऊन कसं आलं, कुठल्या पायरीवर लामा चरत होता. तिनं ऐकलं होतं. एकेक फोटो नीट बघितला होता. त्यानं मात्र तिला कधी विचारलं नाही, त्या दगडावरून तू खाली कशी गेलीस. तेव्हा नाही, विमानात नाही, पुढं दोन वर्षांत नाही. तिला वाटायचं, त्याला वाईट वाटत असेल म्हणून विचारत नसेल.

तो खुर्ची मागं सरकवून उठू लागला. हात धुऊन येतो म्हणाला.

"बस," ती म्हणाली. "ऐक आता."

त्याच्या चेहऱ्यावरून तिला मागाहून कळलं की आपण त्याला एकेरी बोललो. तो बसला. आणि तिनं सांगायला सुरुवात केली, तो त्या दगडापासून वळला तिथपासून. फ्लोराला तिची भाषा येत नव्हती, तिला फ्लोराची. सुरुवातीला फ्लोरानं हात धरला, मग काखेत धरलं, मग तेही जमेना तेव्हा त्या बाईनं, जी चारुलतेच्या खांद्याला लागत होती, अंगावरची रंगीत चादर सोडली, तिकडच्या बायका लेकराला पाठीशी बांधतात तसं हिला पाठीशी बांधलं आणि ती पायऱ्या उतरू लागली. सत्तावन्न वर्षांची, सरकारी पेन्शन घेणारी बाई एका परक्या बाईच्या पाठीवर. फ्लोराच्या वेणीला धुराचा वास होता. ती उतरताना स्वतःशी काहीतरी मोजत होती, पायऱ्या असतील किंवा देवाची नावं. चारुलतेनं त्या पाठीवर लघवी केली. फ्लोरा थांबली नाही. हे ऐकताना हर्षवर्धननं डोळे मिटले, तर ती म्हणाली, डोळे उघड. संध्याकाळी एक घोडा मिळाला, मग एक टेंपो, मग तो दवाखाना. तिथं नेली नावाची एक नर्स होती, जाड, घामेजलेली, मोडकं इंग्रजी बोलणारी. तिनं नळी लावली आणि कागद घेऊन बसली. नाव, वय, देश. मग तिनं विचारलं, सोबत कोण आहे. कुणी नाही. नवरा?

"मी म्हणाले, वारला."

पंखा फिरत होता. त्यानं तिच्याकडे बघितलं.

"त्यांना सांगितलंस मी मेलो?"

"हौ. डोंगरात, म्हणाले. नेलीनं कागद बाजूला ठेवला. तिचाही नवरा गेलेला होता, खाणीत. तिनं मला जवळ घेतलं. मग कुठूनतरी मेणबत्ती आणली, खिडकीत लावली आणि तुझं नाव विचारलं. मी सांगितलं. तिला म्हणता येईना. हर्षवर्धन. तीनदा म्हणायला लावलं तिनं मला, आणि तीनदा चुकली. मग आम्ही दोघी रडलो. मी खोटं नाही रडले. तू असा समोर दिसत होतास, पांढऱ्या कपड्यात, आणि मी रडले."

"का पण?" त्याचा आवाज घोगरा झाला होता. "असं का सांगितलंस, चारू?"

"जिता आहे आणि आला नाही, हे सांगायची लाज वाटली."

दाळीवर साय धरल्यासारखं झालं होतं. त्यानं उष्टा हात ताटाच्या कडेवर ठेवला होता आणि बोटांवर दाळ वाळत होती. तो रडेल की काय, असं तिला क्षणभर वाटलं. आणि रडला तर आपल्याला त्याची कणव येईल, आपण उठून पाणी देऊ, पदर देऊ, आणि मग ही गोष्ट इथंच राहील, याची तिला भीती वाटली. तिनं त्याच्याकडे बघणं सोडून दिलं. तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं, स्वतःसाठी, आणि सावकाश प्यायली. खाली फोनवर बोलणारा माणूस गप्प झाला होता. चिक्कडपल्लीच्या रस्त्यावर दुपारची सामसूम पडली होती.

"पडतो जरा," तो म्हणाला. "मला बरं वाटत नाहीये."

"नंतर पड," ती म्हणाली. "अजून दीड दिवस राहिलाय." आणि तिनं दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायला घेतली.